कृती क्रमांक नऊ

२ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. मोठा निर्णय घेतला आहे आणि मोठ्या निर्णयांची नोंद राहायला हवी. दुसरं कोणी ठेवेल असं दिसत नाही.

निर्णय: आवाज न करणारा मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा. सध्याचा उत्तम आहे. प्रत्येक बटण दाबलं की खट्ट वाजतं, काम केल्याचं समाधान मिळतं. समाधान एकाला आणि ताप सगळ्या घराला, असं हिचं म्हणणं. ही म्हणजे बायको. पाणीपुरवठा खात्यात आहे, बढतीची परीक्षा २९ तारखेला. आधी दोनदा थोडक्यात हुकली. ही तिसरी आणि शेवटची संधी, खात्याचा नियमच तसा आहे. आमची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून.

पंधरा तारखेपर्यंत खोली शांत झाली नाही तर माझं टेबल गॅलरीत, वॉशिंग मशीनशेजारी जाईल, असं हिने शांतपणे सांगितलं. ओरडून सांगितलं असतं तर काळजी नव्हती.

शब्द दिला. आठवडाभरात काम फत्ते.

३ मार्च, मंगळवार. रात्री

संशोधन सुरू. बटणांखाली स्विच असतात, त्यांना रंग असतात. निळे वाजतात, तपकिरी कुरकुरतात, लाल गप्प. यापुढे 'सायलेंट' म्हणून वेगळीच जात आहे. माझे निळे. तुलनेसाठी तक्ता केला, चौदा रकाने. तक्ता भरताना एवढी खटखट झाली की ही पुस्तक उचलून स्वयंपाकघरात गेली. मोठ्या कामात थोडी गैरसोय होणारच.

४ मार्च, बुधवार

आज ऑफिसचं काम. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो, घरूनच. वस्तू आम्हाला दाखवत नाहीत. कंपनी चित्रं पाठवते, आम्ही लिहितो. अनुभव लागतो. गेल्या महिन्यातली एक पुस्तिका मी दोन तासांत हातावेगळी केली. तीन वाजता टँकच्या गेममध्ये आमच्या टीमची मॅच होती आणि नवव्या कृतीपाशी तीनला पाच कमी. लिहून टाकलं: 'बाकी कृती नेहमीप्रमाणे.' तीन शब्दांत विषय संपला. याला हातोटी म्हणतात. कसली पुस्तिका होती आठवत नाही. चपटं काहीतरी होतं, भरपूर बटणांचं.

मॅच हरलो. टीममुळे.

६ मार्च, शुक्रवार. ११.३०

तात्पुरता उपाय: कीबोर्डखाली टॉवेल. आवाज कमी, पण कीबोर्ड सरकतो. 'पंखा' लिहायला गेलो की मॉनिटरपर्यंत पोचतो. मग उशी. उशीवर बटणं बुडतात. मग प्रत्येक बटणाखाली रबरबँड. स्वयंपाकघरातले सगळे रबरबँड संपले. आता घरातल्या सगळ्या पिशव्या उघड्या आहेत.

सासूबाई आमच्याकडेच असतात. निवृत्त नर्स, शिस्तीच्या. कानाचं यंत्र आहे, ते डब्यात असतं. त्यांना माझ्या एंटरचा आवाज दारावर थाप पडल्यासारखा वाटतो. आज अकरा वेळा दार उघडून आल्या. बेल बंद आहे (दुरुस्ती माझ्या यादीत आहे), त्यामुळे थापेवरच भिस्त. जावईबापू, जरा बेतानं, असं म्हणाल्या. मी एंटरचा वापर निम्म्यावर आणायचं ठरवलं.

संध्याकाळपर्यंत सोळा वेळा.

९ मार्च, सोमवार

दुकानात गेलो. कीबोर्ड नुसता बघून घेणारे लोक असतात, मी कानाने घेतो. डोळे मिटून प्रत्येकावर एकच परिच्छेद टाइप केला. सव्वादोन तास. दुकानदाराने आधी स्टूल दिलं, मग शटर अर्धं खाली ओढलं. एवढी फुरसत असलेलं गिऱ्हाईक फार दिवसांत पाहिलं नाही, असं म्हणाला. कौतुक झालं की बरं वाटतं.

काहीच न घेता निघणं बरं दिसेना. माऊसपॅड घेतलं. ते मात्र अगदी शांत आहे.

११ मार्च, बुधवार. सकाळी

ऑनलाइन ऑर्डर दिली! सायलेंट स्विच, गेमिंगला वेगवान, टायपिंगला मऊ. वर 'सहा प्रकारचे ध्वनी' असंही लिहिलं आहे. जाहिरातवाले काहीही लिहितात. वॉरंटीला गेममधलं नाव दिलं: वज्रबोट. हिला म्हटलं, शनिवारी येतोय, तू निर्धास्त अभ्यास कर. ही नळाच्या दाबाचं गणित सोडवत होती, वर बघितलं नाही. विश्वास असला की माणूस वर बघत नाही.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५

घात झाला. कुरियरवाला आला होता. मी हेडफोन लावून टँक चालवत होतो (बोटं सैल राहायला हवीत), ही वाचनालयात. त्याने दार वाजवलं, बराच वेळ वाजवलं. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. आता आपण फसायचं नाही, हा जावईबापूंचा एंटर आहे, असा त्यांनी निर्धार केला होता.

तो पार्सल घेऊन परत गेला. दाराला चिठ्ठी: घरात आवाज येत होता, कोणी उघडलं नाही.

आवाज माझाच होता.

१५ मार्च, रविवार

मुदत संपली. हिच्याकडून तीन दिवस वाढवून घेतले. हिने सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी गॅलरीकडे.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७

आला! काळा, जड, देखणा. बटणं लोण्यासारखी. हिला म्हटलं, ऐक. आणि पहिलं बटण दाबलं.

खट्ट.

बटणाचा आवाज नव्हता. आत छोटा स्पीकर आहे. ज्यांना खटखटीची आठवण येते त्यांच्यासाठी कंपनीने सोय केली आहे म्हणे. जुन्या कीबोर्डपेक्षा मोठा आवाज, वर घुमतो. हिने हात पुढे केला, बघू म्हणाली. मी दिला नाही. टेक्निकल वस्तू आहे, उगाच हात लावू नको, असं सांगितलं. घरात एकाच माणसाला यंत्रातलं कळतं, तेवढं तरी त्याला करू द्यावं.

ऑफ होतोच. पुस्तिका आहे ना सोबत.

१९ मार्च, गुरुवार

पुस्तिका वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी पुस्तिका वाचली असेन. आवाज बंद करण्याचं पान सात. कृती एक ते आठ ठीक. आठवी म्हणते, ध्वनीचा मेनू उघडेल. उघडला. नववी:

'बाकी कृती नेहमीप्रमाणे.'

हे काय आहे? नेहमीप्रमाणे म्हणजे कोणाच्या नेहमीप्रमाणे? माणूस पहिल्यांदाच ही वस्तू हातात घेतोय! डोकं फिरलं. अंदाजाने दोन बटणं दाबली. आवाज बदलला. आता घोड्याच्या टापा.

वाक्य मात्र ओळखीचं वाटलं. लक्षात आलं: कोणीतरी माझी शैली उचलली आहे. आणि काय वाईट उचलली आहे.

२० मार्च, शुक्रवार

टापांवर उपाय करता करता बदक लागलं. प्रत्येक अक्षराला क्वॅक. जोडाक्षराला दोनदा. स्पेसबारला सगळा थवा. जुना कीबोर्ड काढला, तर त्यातले रबरबँड वितळून बटणं चिकटलेली. इलाज नाही. 'सूचना: यंत्र कोरड्या जागी ठेवावे' हे एक वाक्य बदकांच्या तळ्यातून लिहिलं.

ही उद्यापासून ऑफिस सुटल्यावर तिथेच थांबणार. पंपघरात बसून अभ्यास करणार. तीन मोठे पंप चालू असतात तिथे. घरापेक्षा शांत आहे, असं म्हणाली. विनोद करतेय असं वाटलं. पण डबाही घासून ठेवला.

२१ मार्च, शनिवार. दुपारी १

अन्याय सहन करणं हा गुन्हा आहे. कंपनीला तक्रार पाठवली, चार पानी, वज्रबोट या नावाने. दुखण्याच्या मुळावरच घाव घातला. 'ही पुस्तिका लिहिणाऱ्या माणसाने जन्मात कीबोर्ड पाहिलेला नसावा. त्याचं लक्ष दुसरीकडे होतं हे शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या आळसापायी एका घरातल्या बाईला परीक्षेचा अभ्यास सोडून घराबाहेर पडावं लागलं आहे. त्याने लेखी माफी मागावी, नाहीतर त्याला घरी बसवा.'

लिहिताना शेवटी डोळे भरून आले. चार पानं क्वॅक झाली. सासूबाईंनी खिडकीत पाव कुस्करून ठेवला.

२४ मार्च, मंगळवार

टेबल गॅलरीत. मी चर्चेला तयार होतो. मायलेकींनी मला खुर्चीवरून उठवलं आणि एक-दोन-तीन म्हणून टेबल उचललं. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. पेशंट उचलायची सवय आहे, म्हणाल्या. ही पंपघरातच जाते अजून. आता तिकडे जम बसला आहे म्हणे.

वॉशिंग मशीन सुरू असलं की बदक कमी ऐकू येतं. प्रगती आहे.

२६ मार्च, गुरुवार. सकाळी ११.१५

मॅनेजरबाईंचा फोन. एका ग्राहकाची भयंकर तक्रार आली आहे. कंपनी हादरली आहे. पुस्तिका कोणी लिहिली हे त्यांनी रेकॉर्डमध्ये पाहिलं.

मी लिहिली होती.

चपटं काहीतरी. भरपूर बटणांचं.

ग्राहकाकडून समाधान झाल्याचं पत्र ३१ तारखेपर्यंत मिळवा आणि नववी कृती नीट लिहून द्या, नाहीतर पुढचं काम विसरा, असं बाई म्हणाल्या. ग्राहकाने मला घरी बसवायला सांगितलं आहे. मी घरीच बसतो, हा मुद्दा मांडून पाहिला. बाई हसल्या नाहीत.

फोन ठेवला आणि मशीनच्या झाकणाकडे बघत बसलो. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी ४

शांतपणे विचार केला तर सोपं आहे. माफीपत्र मीच लिहायचं, मलाच पाठवायचं, मीच स्वीकारायचं. लिहिलं, पाठवलं, वाचलं. तळमळ दिसली नाही. सबबीच जास्त. वज्रबोटने नामंजूर केलं. वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर आहे.

२७ मार्च, शुक्रवार

दुसरं माफीपत्र. हेही नामंजूर. पुन्हा टीमवर ढकललं होतं.

नववी कृती शोधायला मूळ चित्रं उघडायला गेलो. नाहीत. गेमच्या अपडेटला जागा हवी म्हणून मीच उडवली होती. पुन्हा अंदाजाने बटणं दाबली. बदकाचा आवाज वाढला, बस्स.

२८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.३०

ही कॅलक्युलेटर विसरली होती. नेऊन दिला. पंपघर मी पहिल्यांदा पाहिलं. तीन पंप घरघरताहेत, फरशी थरथरतेय, आणि मधे ही उपड्या बादलीवर बसून मांडीवर वही ठेवून गणितं सोडवतेय. कानात कापूस. पाय पाइपावर, कारण खाली पाणी. ऑफिस सुटलं की रोज तीन तास. सात दिवस.

माझी मलाच फार लाज वाटली. इतके दिवस कारणं लिहिली, आज एक सापडलं नाही. कॅलक्युलेटर दिला. थँक्यू म्हणाली. पंपांमुळे ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

२९ मार्च, रविवार. दुपारी २

पेपर चांगला गेला! शेवटच्या गणितापर्यंत सगळं सोडवलं. एवढ्या शांत हॉलमध्ये आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग लागली तंद्री, असं म्हणाली. बाकी निकालात कळेल. सासूबाईंनी हिची दृष्ट काढावी तसा माझ्याकडे हात ओवाळला आणि बोटं मोडली. अर्थ विचारला नाही.

मग हिला गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. वज्रबोट, तक्रार, माफी, नामंजुरी. हिने पुस्तिकेचं पान सात वाचलं. अजिबात आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कीबोर्ड मांडीवर घेतला, दोन बटणं धरून ठेवली, तिसरं दाबलं. अर्धं मिनिटही नाही.

बदक थांबलं. मी एक अक्षर टाइप केलं. काही नाही. एक ओळ केली. खरंच काही ऐकू आलं नाही.

एवढं येत होतं तर अठरा तारखेलाच का नाही केलंस, असं विचारलं. तूच हात लावू नको म्हणालास, असं म्हणाली.

३० मार्च, सोमवार. संध्याकाळी

तिसरं माफीपत्र वज्रबोटने स्वीकारलं. ते मी त्याला लिहिलंच नव्हतं, हिला लिहिलं होतं. हिने खाली 'वाचलं' एवढंच लिहून सही केली. तेच समाधानपत्र म्हणून बाईंना पाठवलं. टेबल मात्र गॅलरीतच राहणार. खोली आता दोघींना आवडायला लागली आहे.

राहिली नववी कृती. उद्या शेवटचा दिवस. मी काल बघत होतो, पण हिची बोटं कुठे गेली ते दिसलंच नाही. नेमकी कोणती बटणं दाबलीस, असं हिला विचारलं. ही कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडातून काढला आणि म्हणाली, नेहमीप्रमाणे. आणि आत जाऊन गॅलरीचं दार लावून घेतलं.

६.४५

नवीन पान पाठवलं. टाइप करताना जराही आवाज झाला नाही, त्यामुळे कोणी बघायलाही आलं नाही. कृती क्रमांक नऊ: कीबोर्ड बायकोकडे द्यावा.