शांताकाकूंचा बियाचा दोडका

प्रिय शांताकाकू,

तुमचा बियाला ठेवलेला दोडका मी कापला. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालायच्या आत मीच सांगते, म्हणून हे पत्र.

झालं असं, की तुम्ही देवाघरी गेल्यावर आठवड्यानं वाटलं, शाळेच्या चुलीवर तुमच्या आठवणीत मुलांच्या हातून तुमचीच भाजी करावी. मुगाची डाळ घालून दोडका! शाळेच्या परसबागेतला वेल वाळत आला होता, पाचच दोडके उरले होते. म्हटलं, सगळे तोडा, वेल उपटा, मेथी पेरू. माझी घाई तुम्हाला ठाऊकच आहे. एका दोडक्याला लाल चिंधी बांधलेली होती. मला वाटलं, पोरांचा खेळ.

कापला तर आत बिया पांढऱ्या, कच्च्या. तिसरीतली अनू हळूच म्हणाली, "मॅडम, थो बियाचा होता. आता पुढच्या साली काय लावाचं?"

त्या दिवशी ती नुसता भात जेवली. तुम्ही शाळेत रांधत होत्या तेव्हा असं कधी झालं होतं का हो?

किती भांडले मी तुमच्याशी, लेकरांना विळीजवळ बसवू नका म्हणून! तुम्ही मुकाट ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांना लसूण सोलायला, मेथी निवडायला बसवायच्या. लेकरू स्वतः तोडलेली भाजी टाकत नाही, पाहून घ्या, म्हणायच्या. पाहिलं मी. वांग्याचं नाव काढलं की तोंड फिरवणारी पोरं पुन्हा वाढा म्हणायची. पण तुमचं खरं होतं, हे एकदाही तुम्हाला बोलून दाखवलं नाही. चुकलंच माझं.

माहेराहून, नेरकडून आणलेलं बियाणं तुम्ही इतकी वर्षं जपलं आणि मी एका सकाळी संपवलं. दारव्ह्याहून बियाण्याचं पाकीट आणलं, तर अनूनं त्याकडे पाहिलंही नाही.

शेवटी तिची समजूत घालायला शनिवारी तिच्या घरी गेले. कुंपणावर वाळके दोडके लटकलेले! कुठून आणलं बी, असं विचारलं. तिची आई म्हणाली, "मी चौथी पास झाली तवा शांताबाईनं मूठभर देल्या होत्या. सगळ्याइलेच देत जाय. तुमाले नाही देल्या?"

नाही दिल्या! तीन वर्षं एका छताखाली राबलो आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही? घरच्या कुंपणावरचा वेल तुमच्याच बियांचा, हे अनूलाही ठाऊक नव्हतं. रागच आला तुमचा. मग तिच्यासोबत गल्लीतून निघाले, तर सात कुंपणांवर तुमचाच वेल. मला भर रस्त्यात रडू आलं काकू. अनू माझा हात धरून उभी राहिली.

परत येऊन तिच्या आईपुढे मीही हात पसरला. मिळाल्या बिया.

जूनमध्ये लावू. कुठला दोडका बियाला ठेवायचा ते मुलं ठरवतील आणि तोडायच्या आधी मी त्यांना विचारीन. चौथीतून जाणाऱ्या प्रत्येकाला मूठभर बिया मिळतील, अनूला सगळ्यात आधी.

तुमची,
यंदा कुठे चौथी पास झालेली मॅडम