तारांचा पीळ आणि पंपाची घूं

चि. जावईबापू यांस,

अनेक आशीर्वाद. तुमचं पोट, घरातली वीज आणि आमच्या लेकीचा पारा, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे माझं डोकं सोडून सगळं ठीक.

गेल्या खेपेला तुम्ही माझ्या माडीपासून हिच्या स्वयंपाकघरापर्यंत बोलायचं यंत्र बसवून दिलंत, ते उत्तम चाललं होतं. (हिचे गुडघे जिना चढत नाहीत आणि मला खालची हाक ऐकू येत नाही.) पण एकाच केबलमधून वीजही जाते आणि बोलणंही, असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. वीज चुकून बोलण्याच्या तारेत शिरली आणि हिला झटका बसला, तर खापर माझ्यावरच. म्हणून जिन्याखाली केबल सोलून पाहिली. आत तारा दोन-दोन करून वेणीसारख्या पिळलेल्या. (राग मानू नका, मला वाटलं तुम्ही घाईत गुंडाळल्यात.) मी बसून सगळा पीळ काढला, पांढऱ्या एका बाजूला, रंगीत दुसऱ्या बाजूला केल्या आणि पंपाच्या वायरीला लागून नीट क्लिपा मारल्या.

त्या दिवसापासून पंप लागला की यंत्रातून नुसती घूंऽऽ. हिचं बोलणं कळेना म्हणून मी गप्प, आणि तिला वाटलं मी मुद्दाम गप्प. शेवटी जेवण निवलं तशी ती कठडा धरून वर आली. धाप एवढी लागली होती की तिला माझ्यावर रागावताही येईना. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि वायरमनला बोलावलं. त्याने कपाळाला हात लावला.

"काका, या जोड्या होत्या. तुम्ही नवऱ्यांची एक रांग केलीत, बायकांची दुसरी."

त्याचं म्हणणं, जोडी पिळलेली असली की बाहेरची कटकट दोन्ही तारांना सारखीच लागते, आणि यंत्र दोहोंतला फरक तेवढा ऐकतं, म्हणून कटकट गळून पडते. (आमचा संसारही असाच टिकला असावा.) त्याने जोड्या पुन्हा पिळल्या, पंपापासून हातभर लांब नेल्या. आता आवाज स्वच्छ आहे. काळजी नसावी.

तुमचा,
सासरा

ता.क. दुरुस्तीचं हिला सांगू नका. वायरमन आला तेव्हा ती शेजारणीबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. यंत्र बिघडल्यावर ती म्हणाली होती, जावयांना बोलवा, म्हणजे लेकही येईल. आणि पाहुण्यांची पांघरुणं उन्हात टाकलीसुद्धा. आता मोडता कसा घालू? ती बोलू लागली की मीच तोंडाने घूं करतो. लवकर या, घसा बसत चालला आहे.

दुसरा ता.क. आत्ताच यंत्रातून ही म्हणाली, "पंप बंद असताना तरी करू नका. आणि घसा सांभाळा, लेक येईपर्यंत पुरायला हवा."