माफ केलेली जाऊ

प्रिय उज्वला,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. परवा म्हणालीस, आई, जन्मभर उपासना झाल्या, प्रार्थना झाल्या, आता लातूरला येऊन निवांत बैस. पोरी, खरं सांगू का, मी कधीचीच निवांत बसले होते. वाचायला मी लग्नानंतर माझी मीच शिकले. तेव्हा बायबलमधलं एकेक वचन बोट ठेवून वाचायची आणि ते दिवसभर मला सोडायचं नाही. आता अर्ध्या ओळीवरच पुढचं तोंडपाठ येतं अन् मन गॅसवरच्या डाळीकडे जातं. चर्चच्या मंडळीत मात्र मला पुढची खुर्ची.

मागच्या महिन्यात बायकांच्या प्रार्थनासभेत मला साक्ष द्यायला उभं केलं. मी नेहमीचीच दिली. तुझे बाबा गेले तेव्हा बिलोलीच्या भावकीने शेतात अग्नी द्यायचा हट्ट धरला, मी बाबांना आपल्या ख्रिस्ती दफनभूमीत ठेवलं, तुझ्या मोठ्या मायने, विठाबाईने, भर लोकांत मला शिव्या घातल्या, आणि प्रभूच्या कृपेने मी तिला माफ केलं. या जागी बाया डोळे पुसतात. त्या दिवशीही पुसले. नव्या पाळकांची बायको मंजुषा, तुझ्याहून लहान, तिने सहज विचारलं, "मग मावशी, त्या जाऊबाई आता कशा आहेत?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिला माफ करत होते आणि ती जिवंत आहे का, हेही मला ठाऊक नव्हतं. तुझ्या बाबांची आठवण नाही असा माझा एक दिवस जात नाही. पण त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवणाऱ्या त्यांच्या वहिनीची मी एकदाही विचारपूस केली नाही.

मग चौकशी केली. तिला लकवा झालाय. सून दिवसभर रोजाने जाते, ही एकटी पडून. तू म्हणशील, आधी तुझे गुडघे बघ. बघितले. दुखतात. बसूनही दुखतात. पाळकसाहेब म्हणाले, या वयात घरूनच प्रार्थना करा. मी म्हटलं, घरून करून करूनच माझी ही गत झाली.

तर शनिवारी माझं सामान आणायला जावयांना टेम्पो घेऊन नांदेडला पाठवू नकोस. माझ्यासाठी रंगवलेली खोली भाड्याने दे. मी बिलोलीला आले आहे आणि इथंच राहणार आहे. हे विठाबाईच्या खाटेशेजारी बसून लिहिते. मला दारात बघून वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाली, "कशाला आलीस? मला बी पुरायला?" मी म्हटलं, "बाई, आधी आंघोळ घालते." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पाणी तापवलं. आता झोपलीय. उठली की पुन्हा शिव्या देईल. देऊ दे.

तुझीच,
आई