तिला कुणी सांगायचं

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुमच्याशी भांडायला हरकत नसावी. तुम्ही होतात तेव्हा ती सोय नव्हती. समोर उभी राहिले की माझी वाचाच बसायची, आणि तुम्ही पातेल्यातलं दूध ढवळत, वर न बघता म्हणायचात, "बोल, कान मोकळे आहेत माझे." शिशुगृहात टेबल-खुर्ची असलेली एक खोली होती, पण ती पाहुण्यांसाठी आणि तपासणीला येणाऱ्या साहेबलोकांसाठी. तुमचं खरं ऑफिस स्वयंपाकघरात. एका शेगडीवर खिमट शिजतंय, दोरीवर लंगोट वाळताहेत, ओट्याशेजारी कुठलंसं परदेशी जोडपं अवघडून उभं आहे, आणि तुम्ही त्यांना विचारताय की मूल सारखं किरकिर करायला लागलं तर तुमच्यापैकी आधी कोण वैतागेल. ते दोघं एकमेकांकडे बघतात. तुम्ही हसता. मी कोपऱ्यात उभी राहून हे ऐकतेय, आणि मला वाटतंय की याच्यासारखं काम जगात दुसरं नाही.

मी तेव्हा समाजकार्याची पदवी घेऊन नुकतीच आले होते आणि आपलं काम म्हणजे मुलाला आई-बाप मिळवून देणं, अशी माझी समजूत होती. ती तुम्ही पहिल्याच आठवड्यात मोडून काढलीत. "आई-बाप मिळतात गं. त्यांना तयार कुणी करायचं?" मग तुमची ती तयारी. जोडप्याने आपले फोटो पाठवायचे, पण लग्नातले नाहीत, घरातले, रोजच्या कपड्यांतले. घराच्या दाराचा फोटो, पलंगाचा फोटो. आणि अंगावर वापरलेला, न धुतलेला एक कपडा, म्हणजे मुलाच्या नाकाला माणूस आधी भेटतो. ते फोटो तुम्ही पाळण्याच्या कठड्याला बांधायचात आणि रोज दुधाच्या वेळी मुलाचं बोट धरून एकेका चेहऱ्यावर ठेवायचात. जेमतेम चालायला लागलेलं पोरही थोड्याच दिवसांत आपणहून बोट ठेवायला लागायचं. एकदा अशीच एक मुलगी नव्या आईच्या कडेवर बसून गाडीकडे निघाली आणि मला दारातच रडू फुटलं. तुम्ही माझा दंड धरून मला मोरीत नेलंत. "इथे रड काय रडायचं ते. ती मागे वळून बघेल तेव्हा तिला हसतं तोंड दिसलं पाहिजे." दंडावर तुमची बोटं उमटली होती. मी तोंड धुतलं, बाहेर आले आणि हसले. मला तुमचा राग आला होता, आणि तुम्हाला सोडून कुठे जायचं नाही हेही त्याच दिवशी ठरलं होतं.

गेलेच शेवटी. लग्न झालं आणि नवऱ्यामागे मस्कतला आले. निघताना तुम्ही मला तुमची दूध ढवळायची पळी दिलीत आणि वर टोमणा मारलात, "तिकडे काय ढवळणार आहेस कोण जाणे." बरीच वर्षं खरोखरच आमटीशिवाय काही ढवळलं नाही. मस्कतमधल्याच वादी अदाई भागातलं घर, मुलीची शाळा, नवऱ्याच्या शिफ्ट. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही मी इथेच होते, यायला जमलं नाही. मग अमेरिकेतल्या एका दत्तक संस्थेला इथे घरोघर जाऊन कुटुंबं बघणारं आणि त्यांना तयार करणारं माणूस हवं होतं, ते काम माझ्याकडे आलं. इथल्या कायद्यात आपल्यासारखं दत्तक नाही. अनाथाला सांभाळतात, जीव लावतात, पण नाव त्याच्या बापाचंच राहतं. तेल कंपन्यांत आणि कारखान्यांत कामाला आलेल्या अमेरिकन पासपोर्टवाल्यांना मात्र त्यांच्या देशाच्या नियमाने मूल घेता येतं, आणि त्यातले बरेचजण चीनमधून मूल आणायचे. मी त्यांना तुमच्याच गोष्टी सांगायचे. मूल उशीखाली पाव लपवून ठेवेल, ओरडू नका. मऊ गादीवर झोपणार नाही, खाली सतरंजी घाला. पहिल्या दिवशी तुम्हाला मिठी मारेल अशी आशा धरू नका, ते आपल्या माणसांना सोडून आलेलं असेल.

या सगळ्यांत एक कुटुंब सोहारचं, मस्कतपासून दोन-अडीच तासांवरचं. तो आपल्याकडचा, मूळ चिपळूणचा, अमेरिकेत शिकून तिथलाच झालेला, सोहारला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको चिनी आई-बापांची, अमेरिकेत वाढलेली. आणि तिसरी त्याची आई. तिला सगळे आजी म्हणायचे, नातवंड घरात यायच्या आधीपासून. त्यांना चीनमधली एक मुलगी ठरली होती. चार वर्षांची, जन्मतः टाळू फाटलेली, शस्त्रक्रिया झालेली, शब्द थोडे नाकातून येणारे. मी सोहारला जाऊन त्यांना शिकवत होते की पहिले काही महिने मुलीला भरवायचं, न्हाऊ घालायचं, उचलून घ्यायचं ते फक्त आई-वडिलांनी. संस्थेतलं मूल दहा हातांतून गेलेलं असतं, आपले हात कुठले हे त्याला आधी कळू द्यायचं.

आजींनी हातातली शेवग्याची शेंग खाली ठेवली. "म्हणजे मी उचलायचं नाही?"

"काही महिने नाही."

"आणि रडत रडत माझ्याच पायाशी आली तर?"

"तर तिला तिच्या आईकडे न्यायचं."

"अहो ताई, मी काय शेजारीण आहे? ही सून आणली तेव्हा कोण आलं होतं आम्हाला शिकवायला? नाही का सांभाळून घेतली?"

सून हसली. तिला मराठी कळायचं, बोलताना अडखळायची. "आई, थोडे दिवस. मग सगळी तुमची."

आजी पुन्हा शेंगा सोलायला लागल्या, पटल्यासारखं दिसलं नाही. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांच्या मुलाने सांगितलं की शेजारच्या ओमानी बाईंचं बाळ घरात आलं की आजी हात पदराखाली धरून बसतात, सवय व्हावी म्हणून. मुलगी सकाळी तांदळाची पातळ खीर खाते, गोड नसते, मिठाची असते, असं मी सांगितलं तेव्हा तर त्यांना हर्षच झाला. "ही तर पेज. पोरगी आपलीच निघाली हो." मग रोज पेज. मुलगा कंटाळला, म्हणाला, "मॅडम, तिच्या आधी मलाच तयार करतेय ही." त्या घरात बसून मला कितीदा वाटलं की तुम्ही हे बघायला हव्या होतात.

चूक झाली ती गोधडीची, आणि ती फक्त आपल्याच घरात होऊ शकते. मी सांगितलं होतं, घरात वापरात असलेलं काहीतरी पाठवायचं, धुवायचं नाही. आजींनी आपल्या जुन्या सुती लुगड्याची गोधडी निवडली, सगळ्यांनी आठवडाभर अंगावर घेतली, आणि पाठवायच्या आदल्या दिवशी आजींनी ती गरम पाण्यात साबण घालून धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि वर इस्त्री फिरवली. सून डोक्याला हात लावून बसली. आजी म्हणाल्या, "लोकांच्या घरी मळकं पाठवायचं? काय म्हणतील, कसली माणसं आहेत?" मग पुन्हा सगळ्यांनी आळीपाळीने ती पांघरली. गोधडीबरोबर फोटोंचं पुस्तक गेलं. दार, पलंग, पेजेचं भांडं, आई, बाबा, आजी. प्रत्येक फोटोखाली सुनेने चिनी अक्षरांत लिहिलं. तारीख कुठेही घालू दिली नाही मी. मुलाला माणसं दाखवायची, दिवस सांगायचा नाही, हा तुमचा नियम.

नंतर तिकडून एक छोटा व्हिडिओ आला. मुलगी लहानशा खुर्चीवर बसलीय, मांडीवर पुस्तक, आणि बोट ठेवतेय. आई. बाबा. मग आजींच्या फोटोवर येते, तिच्या भाषेतला आजीचा शब्द नाकातून म्हणते आणि पान उलटायचं सोडून तिथेच थांबते. गोधडी पायांवर होती. आजींनी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की मुलाने त्यांना वेगळा फोनच आणून दिला. आणि मी, बाई, मी मनातल्या मनात तुम्हाला सांगितलं की बघा, शिकवलेलं वाया नाही गेलं. पोरगी तयार आहे.

तिला आणायला जायची तिकिटं काढायची तेवढी राहिली होती आणि कोरोना आला. आधी सगळे म्हणाले महिन्याभराचा प्रश्न आहे. मग पुढच्या वर्षी. शेजारच्या ओमानी बाई भेटल्या की विचारायच्या, बिंत, म्हणजे मुलगी, कधी येणार, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच इन्शाल्ला म्हणायच्या. आजी चिपळूणला गेल्या की येताना फ्रॉक आणायच्या, दर खेपेला मोठ्या मापाचे. लहान झालेले इस्त्री करून मोलकरणीच्या मुलीसाठी द्यायच्या. मी फोनवर म्हणायचे, धीर धरा. मला पगार त्याचाच होता. मग एके दिवशी बातमी आली की चीनने परदेशी लोकांना मूल देणं कायमचं बंद केलं, रक्ताचे नातेवाईक सोडून. जी मुलं ठरली होती तीही नाहीत. आजींच्या मुलाचा फोन कारखान्यातूनच आला. मागे यंत्रांचा आवाज होता. "मॅडम, न्यूज बघितली? खलास." मी काहीतरी बोलले. त्याला ऐकू गेलं नसावं, आणि ते बरंच झालं.

सोहारला गेले. काय सांगणार होते? एखाद्या देशाने आपली मुलं आपल्याजवळ ठेवायची ठरवली तर मी कोण नको म्हणणारी? तुम्हीही म्हणायचात की मुलाला त्याच्याच गावात घर मिळालं तर आपल्यासारख्यांनी हात जोडून बाजूला व्हावं. पण जिचं बोट चेहऱ्यांवर ठेवून झालं होतं तिचं काय, बाई? सून रडली नाही. तिने एकच प्रश्न विचारला, तोही अगदी हळू. तिला कुणी सांगितलं का? मी अमेरिकेतल्या संस्थेला विचारलं. उत्तर आलं की तिकडे आता आपला संपर्क नाही. निरोप देता येणार नाही, पत्र नाही, फोटो नाही. ती कुठे आहे, कुणाबरोबर आहे, पुस्तक तिच्याकडे ठेवलं आहे की काढून घेतलं, काहीच कळणार नाही.

म्हणून तुमच्याशी भांडायचं आहे. माणसं कशी जवळ आणायची हे तुम्ही मला शिकवलंत. उलटं कसं करायचं हे शिकवलं नाहीत. मी थोडी कमी हुशार असते, पुस्तक पाठवायचं विसरले असते, तर त्या मुलीला ही माणसं ठाऊकच झाली नसती. ती इतर मुलांसारखी मोठी होत राहिली असती, तिला कुणाची वाट बघावी लागली नसती. माझी तयारी इतकी चोख होती की ती त्या पोरीच्या अंगाशी आली. मी आता हे काम करत नाही. करायला उरलंही नाही. नवरा म्हणतो, तू तुझ्याकडून सगळं बरोबर केलंस. बरोबर केलं म्हणूनच हे झालं, हे त्याला समजावून सांगायची ताकद माझ्यात नाही.

मग मला ती पायाने अधू असलेली मुलगी आठवते, शिशुगृहातली. तिचेही फोटो कठड्याला बांधून झाले होते आणि त्या लोकांनी विचार बदलला. मला वाटलं, तुम्ही फोटो हळूच काढून टाकाल, विसरेल ती. तुम्ही तिला स्वयंपाकघरात आणून ओट्यावर बसवलंत, तिचे दोन्ही पाय हातात धरलेत आणि सांगितलंत, "ते येणार नाहीत. त्यांनी तसं ठरवलं. तुझं काही चुकलं नाही." दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच, तेवढ्याच शब्दांत. रोज चाललं होतं ते. मी एकदा न राहवून म्हणाले, किती वेळा तेच सांगायचं? तुम्ही म्हणालात, "तिला पटेपर्यंत. नाहीतर जन्मभर शोधत बसेल, आपण काय केलं म्हणून." चीनमधल्या त्या अनाथाश्रमात असा ओटा आहे का, असं कुणी आहे का, मला माहीत नाही. मला वाटतं, नसावं. ती आता जवळजवळ दहा वर्षांची असेल. शोधत असेल.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की फाडून टाकेन. पण एक गोष्ट राहिली. मागच्या आठवड्यात चिपळूणहून आजींचा फोन आला. आता त्या तिकडेच असतात, फारशा हिंडत-फिरत नाहीत, डोळ्यांना दिसतंही कमी. मुलगा-सून त्यांच्यापाशी तो विषय काढत नाहीत, म्हणून त्यांनी मला गाठलं. "ताई, एक विचारू का? पोरीला सांगितलं ना हो कुणी?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, "हो आजी, सांगितलं. तिकडच्या एक बाई आहेत, वयस्कर, फार चांगल्या. स्वयंपाकघरात नेऊन, पाय हातात धरून सांगितलं. रोज सांगतात." आजींनी विचारलं, "काय सांगतात?" मी तुमचेच शब्द सांगितले, फक्त ठरवणारं सरकार केलं. आजींनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "देव त्यांचं भलं करो."

आजींशी खोटं बोलल्याचं मला काही वाटत नाही, त्यांना तेवढं तरी मिळावं. पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून तुम्हाला सांगते. बोलता बोलता मला ते सगळं खरं वाटायला लागलं. फोन ठेवला तेव्हा किती दिवसांनी जरा बरं वाटत होतं, मी उठून चहासुद्धा केला. आणि तिकडे तिला अजून कुणीच काही सांगितलेलं नाही.