निजलेलं पाणी

तिसगाव,
दि. १७ डिसेंबर १९७२

ती. गोजरआक्का हिला धाकटा भाऊ कानिफनाथ याचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझी शेळी व्यायली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाठी. दूध चहापुरतंच निघतं. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडतंय.

बनुबाई, तू चौथी शिकलीस म्हणून ऊसतोडीच्या टोळीतली सगळी पत्रं तुझ्याच तोंडून वाचली जातात. हे मात्र चारचौघींत वाचू नकोस. आक्काला फडातून बाजूला घे, खाली बसव, आणि मग पुढचं वाच.

आक्का, तुझा राग पोचला. नवरा बरोबर नाही म्हणून मुकादम तुला अर्धा कोयता म्हणतो, आणि तू त्याला ठणकावतेस की मालक आले की जोडी पुरी होईल. दाजी गोऱ्या साहेबाबरोबर खाली केरळापर्यंत गेलेत, असं मीच तुला दोनदा लिहिलं. आता पहिल्यापासून सांगतो.

त्या गोऱ्याला माणसाहून लांब फळीवर चढून समुद्राच्या लाटेवर उभं राहायचा नाद. आख्ख्या किनाऱ्याचा नकाशा घेऊन तो त्यासाठी जागा निवडायला निघाला होता. दाजी नगरला लष्कराच्या मेसमध्ये कामाला राहिलेले, इंग्रजी येणारे, म्हणून त्यांना त्यानं बरोबर घेतलं. दाजींनी फुशारकीनं सांगितलं, आमचा मेहुणा पायाळू आहे, तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. गोरा हसला आणि म्हणाला, त्यालाही घ्या. झालं, मीही निघालो मोठा शहाणा.

रत्नागिरीच्या खाली एकेका वाळूवर गोरा तास तास उभा राही. लाटा मोजी, वारा बघे. लाट धाडकन कोसळता कामा नये, गोधडी उलगडावी तशी एका अंगानं उलगडली पाहिजे, एवढं मीही शिकलो. पसंत जागेला नकाशावर तांबडी खूण, नापसंत जागेला काळी फुली. माझा नारळ मात्र सगळीकडे उभाच. समुद्राकाठी तो दुसरं काय करणार! गोरा हसायचा, त्याच्याबरोबर दाजीही हसायचे. मला ते फार लागलं.

सहाव्या दिवशी एका लहानशा वाळूवर नारळ आडवाच राहिला. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, आणि मधे गाडीवाटेएवढा पट्टा गप्प पडलेला. गोऱ्यानं काळी फुली मारली आणि हात हलवून काहीतरी जोरात सांगितलं. दाजी म्हणाले, "हितलं पानी आत वढतंय म्हनतो."

मी म्हणालो, "त्याला काय कळतंय? नारळ आडवा हाय. हितं पानी निजलंय, दाजी. खुशाल अंग धुवा."

माझ्या शब्दावर ते कमरेएवढ्या पाण्यात गेले.

ओरडणं नाही, धडपड नाही. माझ्याकडे तोंड करून उभेच होते, हसत होते, आणि लांब लांब जात होते. आपण चाललोय हे त्यांना कळलंच नसावं. मीही हात हलवून हसलो. गोरा फळीवर पालथा पडून दिवस मावळेपर्यंत शोधत राहिला. तीन दिवस तिथं थांबलो. काही हाती लागलं नाही.

बनुबाई, पत्राच्या माथ्यावर मी 'सौ.' लिहिलं नाही, ते विसरून नव्हे. आक्काचा हात धर.

आक्का, दाजी गेले. मी घालवले.

मी इतका भित्रा आहे की हे आणखीही लपवलं असतं. पण तू सांगितलंस म्हणून तुझ्या वावरात विहिरीची जागा पाहायला गेलो. परत आल्यापासून नारळ कुठंच उठत नव्हता. तुझ्या बांधाजवळ उठला. विहिरी खणणाऱ्या भिमाजीनं खणायला घेतलं. पंधरा हातांवर मुरूम संपला आणि ओली वाळू लागली, बारीक, शिंपल्यांचा चुरा असलेली. तसली वाळू आपल्याकडे कुणी पाहिलेली नाही. मागून पाणी आलं, तेही खारट.

परवा भर दुपारी भिमाजी हसत वर आला. "कानिफ, तुझा दाजी मच्छिंद्र कवा आला रं? दिसला न्हाई, पर खाली हसत हुता. मला म्हनला, गोजर आली का?"

भिमाजीला यातलं काही माहीत नाही. त्यानं त्याच दिवशी ट्रकवाल्याकडून तुला निरोप धाडला, मालक आले, घरी ये.

तो निरोप खोटा आहे, आक्का. खोटा नसेल तर जास्तच वाईट. हौसेनं निघू नकोस. आलीस तर घरी ये, मला जोड्यानं मार, पण विहिरीकडे जाऊ नकोस. हाक आली तर तू काठावर थांबायची नाहीस, मी तुला ओळखतो.

मला मात्र जावं लागतं. खालून विचारणं होतं, मी सांगतो, अजून नाही. आवाजात राग नाही, पूर्वीसारखाच चेष्टेखोर आहे, त्याचीच जास्त भीती वाटते. आज विचारलं, "गोजरला खरं सांगितलंस का?" मी हो म्हणालो, आणि पळत घरी येऊन हे लिहायला बसलो.

भाऊ म्हणून सही करायची की नाही, ते तू ठरव.

कानिफनाथ