दोन ताटे, तीन माणसे

रवि. ७ डिसें.
आक्कांची खानावळ, दु. १२.५०. गर्दी होण्याच्या आत पोहोचलो. तिघांत दोनच ताटे घेणाऱ्या मंडळींनी भर गर्दीत टेबल अडवून बसावे, हे मला मान्य नाही. रफिक वेळेवर, बापू दहा मिनिटे उशिरा. कॉलेजातही असेच.
मागणी नेहमीची. दोन मटण ताटे, तिसरे रिकामे ताट, चार भाकऱ्या जादा (त्यांचे पैसे वेगळे). मटणाचे वाटप मी केले. तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा वाढतात, म्हणून हवा तेवढा घेऊ नये. दोन वाट्यांवर मी थांबतो आणि इतरांनाही थांबवतो. बापूने तिसरी वाटी पुढे केली. मी केवळ पाहिले. त्याने ती खाली ठेवली.
"आरं, रस्सा हाय त्यो, दागिना न्हाई."
ताटात काही टाकले नाही. वाढणाऱ्या सखारामचे बक्षीस त्याच्याच हातात दिले. गल्ल्यावर ठेवले तर त्याला मिळतेच असे नाही.
बाहेर जेवताना काटकसर अवश्य करावी. मात्र ती आपल्या जिभेतून करावी, दुसऱ्याच्या खिशातून नव्हे. अकरा वर्षे दर महिन्याचा पहिला रविवार आम्ही असेच जेवतो आहोत आणि आक्कांच्या कपाळावर एकदाही आठी आलेली नाही. योग्य रीतीने वागले की कोणी अडवत नाही.
निघताना रफिक नेहमीप्रमाणे आक्कांशी बोलत मागे राहिला. फ्रेमचे दुकान चालवणाऱ्या माणसाला बोलायला कोणीही पुरते.

शनि. १३ डिसें.
लग्नाचा वाढदिवस, अठ्ठाविसावा. सौ.ला राजारामपुरीतल्या नव्या हॉटेलात नेले. वेटरने बसताक्षणी विचारले, "बाटलीतलं पाणी का साधं?" साधे. हे सांगताना पुष्कळ लोक उगीच ओशाळतात. एक सूप दोघांत घेतले, पण आधी विचारून. न विचारता दुसरी रिकामी वाटी मागणे हा उद्धटपणा होय.
सौ. मेनूकार्ड उजव्या बाजूने, म्हणजे आधी किंमत असे वाचते. माझ्यामुळे लागलेली सवय असावी. तिने एका भाजीवर बोट ठेवले. मी दुसरी सुचवली. "तुम्ही म्हणाल ते."
शेजारच्या टेबलावर एक कुटुंब अर्धे जेवण तसेच टाकून उठले. वेटर त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. आम्ही उरलेल्या दोन रोट्या बांधून घेतल्या तेव्हा त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि वळला. हा हिशेब मला आजवर कळलेला नाही.

मंगळ. ३० डिसें.
रफिकचा फोन. रविवारी नाही, मुलीच्या सासरी, कागलला जायचे आहे. म्हणाला, "ह्या महिन्याला ऱ्हाऊ दे की. पुढल्या महिन्यात तिघं जाऊ."
सांगितले की बापूचे साडू आजऱ्याहून आले आहेत, त्यांना नेणार, म्हणजे माणसे तीनच होतात. 
"बरं. आक्कांस्नी फोन करून ठेवतो."
कशाला? तिथे टेबल राखून ठेवण्याची पद्धत नाही. तसे म्हणालो. "व्हय, ते बी खरं," म्हणाला.

रवि. ४ जाने.
घटना क्रमाने लिहितो, म्हणजे उद्या माझाच त्यावर विश्वास बसेल.
आक्का नृसिंहवाडीला, दत्ताच्या दर्शनाला गेलेल्या. रफिकने फोन केला असलाच तरी त्यांनी तो निघण्याच्या गडबडीत घेतला असेल आणि घरात कोणाला सांगायचे राहिले असेल. गल्ल्यावर त्यांची सून, दिवाळीपासून तीच बसते. मोकळी मुलगी, प्रत्येकाशी डोळ्याला डोळा देऊन बोलते. दोन ताटे, तिसरे रिकामे, भाकऱ्या जादा. वाटप केले. बापूचे साडू पाहुणे, म्हणून दोन फोडी त्यांना अधिक घातल्या.
बिल आले. तीन ताटांचे.
मी म्हणालो, "बाई, ताटे दोन होती."
"व्हय काका. पर माणसं तीन न्हवं? आमी तीनच धरतो. तुमच्याकडनं दोनाचं घेतो आन् वरलं रफिकचाचा देऊन जात्यात की दर टायमाला. आज ते न्हाईत, म्हून सगळं एकदम लावलं."
कोणताही कुत्सितपणा नाही. भाकरीचा दर सांगावा तसे सांगितले.
साडूंनी पाकीट काढले. "असू द्या पावणं, मी भागवतो की. त्यात काय एवढं!"
मी तीन ताटांचे पैसे दिले. सखारामचे बक्षीस द्यायचे राहिले. आजवर असे कधी झाले नव्हते.
रस्त्यावर आल्यावर बापूला बाजूला घेतले. तुला ठाऊक होते?
"सोड की रं वसंता. लई मनाला लावून घेऊ नकोस."
ठाऊक होते का, एवढेच विचारतो आहे.
"सगळ्यास्नी ठाऊक हाय. सखारामला बी."

सोम. ५ जाने.
फाउंड्रीत साच्यांच्या वाळूचा एक ट्रक परत पाठवला. ओलावा किंचित जास्त. पुरवठादार हात जोडून म्हणाला, "साहेब, एवढ्या बारी चालवून घ्या." खरेदी विभागात दहा वर्षे झाली, मी चालवून घेत नाही, हे सर्वांना माहीत आहे.
ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आले. अकरा वर्षे मलाच चालवून घेतले जात होते.

मंगळ. ६ जाने.
सुरुवात आठवली. सूतगिरणी बंद पडली ते वर्ष. चौदा महिने पगार नाही. मी रविवार सोडायला निघालो होतो. मग विचार केला की सोडण्यापेक्षा रीत बसवावी: तिघांत दोन ताटे, पण उधळमाधळ नाही, घासाघीस नाही, कोणाचे नुकसान नाही. आक्कांना मी स्वतः विचारले होते. त्या रफिककडे पाहून म्हणाल्या होत्या, "चालतंय की."
रफिककडे पाहून. हे आज आठवते आहे.
पुढे नोकरी लागली. ताटे दोनच राहिली, कारण तोवर ती गरज उरली नव्हती, तत्त्व झाले होते. त्या तत्त्वावर मी या टेबलावर किती बोललो आहे! कारखान्यातल्या नव्या मुलांनाही सांगितले आहे. बापू आणि रफिक माना डोलवत असत.
दुसऱ्याच्या खिशातून नव्हे, असे म्हणणारा मी. आणि खिसा समोरच बसलेला.

गुरु. ८ जाने.
सौ.ला सांगितले. चार दिवस सांगवले नव्हते. ती डाळ निवडत होती. हात थांबला नाही.
तुला माहीत होते?
"रफिकभावजींच्या घरातनं कधीतरी निघालं होतं बोलण्यात."
मग मला का सांगितले नाहीस?
"मला वाटलं, तुम्हाला कळलं असणार आणि तुम्ही बोलत नसणार."
म्हणजे तिच्या समजुतीप्रमाणे मी जाणूनबुजून दुसऱ्याच्या पैशावर जेवत होतो; आणि असे समजूनही ती दर पहिल्या रविवारी माझा शर्ट इस्त्री करून ठेवत होती. बापूने आणि रफिकने मला अजाण ठरवले. हिने मला ओळखलेच नाही. यांतले अधिक काय लागले, ते लिहिता येत नाही. पुढे काही…

बुध. १४ जाने.
संक्रांत. रफिक दरवर्षी तिळगूळ घ्यायला येतो, तसा आला. बापूने त्याला सर्व सांगितलेले होते. तरी आला. सौ. तिळगुळाची वाटी ठेवून आत गेली.
मी लिफाफा त्याच्यापुढे ठेवला. अकरा वर्षांच्या तिसऱ्या ताटाची रक्कम अंदाजाने काढली होती, थोडी चढती. त्याने तो उघडला नाही.
म्हणाला, "पयल्याच महिन्यात आक्कांनी मला बाजूला घेतलं. म्हणल्या, तीन माणसं रस्सा पितात न् ताटं दोन, आमाला परवडत न्हाई, त्यास्नी सांगा. मी काय सांगणार हुतो? तुजा पगार बंद. सांगितलं असतं तर तू यायचाच बंद झाला असतास."
झालो असतो. ते खरे आहे.
"मग नोकरी लागल्यावर सांगायचेस."
"कवा? तू रीतभात शिकवत हुतास तवा?"
मी म्हणालो, अकरा वर्षे मी तुमच्यासमोर सभ्यतेवर बोललो आणि तुम्ही दोघे ऐकून घेत होतात.
"ऐकत हुतो की. तुला बरं वाटायचं."
हे तो प्रेमाने म्हणाला. प्रेमाने म्हणाला, म्हणूनच मला उठून खिडकीपाशी जावे लागले.
नंतर त्याचाही आवाज चढला. "आन् एक सांग. कवा तरी विचारलंस का, रफिक, तुला एक अख्खं ताट खायचंय का? माज्या ताटात किती फोडी घालायच्या ते तू ठरवायचास. पैसं मी देत हुतो न् फोडी तू मोजत हुतास. मी बोललो काय कवा?"
 त्याला अख्खे ताट हवे होते, हे मला ठाऊक नव्हते. विचारायला हवे, हेही सुचले नव्हते. सूप वाटून घेताना मी अनोळखी वेटरला विचारतो.
लिफाफा त्याने परत सरकवला. "हे घेतलं तर इतकी वर्सं आपण संगं जेवलोच न्हाई, असं हुईल. न्हाई घेत."
मी म्हणालो, न घेतलास तर मी तुझ्या घरचा आश्रित होतो, असे होईल.
"तुला काय व्हायचंय ते हो जा."
तिळगूळ मात्र खाल्ला. चपला घालताना पाठमोराच म्हणाला, "एक तारखेला रविवार हाय."
लिफाफा अजून टेबलावर आहे. सौ.ने त्याच्या भोवतीने फडके मारले.

रवि. १८ जाने.
स्वतःशी स्पष्ट करण्याचा प्रयत्न. उपकाराला माझी हरकत नाही. मला वगळून केलेल्या उपकाराला आहे. सांगून केला असता तर मी नाकारला असता, म्हणून त्याने सांगितले नाही. ही त्याची बाजू मला पूर्ण समजते. समजल्याने राग उतरेल असे वाटले होते. उतरला नाही. ती समजण्यापूर्वी निदान त्याच्यावर रागावणे सोपे होते.

शनि. २४ जाने.
रफिकच्या दुकानावरून गेलो. तो काचेवर वाकून माप घेत होता. थांबलो नाही. दुसऱ्या रस्त्याने येता आले असते, हेही नमूद करतो.
रात्री बापूचा फोन. "किती दिस फुगून बसणार हाईस? पोरी बी एवढं फुगत न्हाईत लग्नात." मी कामात असल्याचे सांगितले. नव्हतो.

रवि. १ फेब्रु.
गेलो. शर्ट इस्त्री केलेला होता.  लिफाफा नेला नाही.
दोघेही माझ्या आधी येऊन बसलेले. बापूसुद्धा. "आलास? बस." सखाराम येऊन उभा राहिला आणि सवयीने माझ्याकडे बघू लागला. मी रफिकला म्हणालो, "तू सांग." तो म्हणाला, "न्हाई, तूच सांग. दर वेळंसारखं."  मी तीन पूर्ण ताटे सांगितली. 
पूर्ण ताटात किती मटण असते, हे विसरून गेलो होतो. मी माझ्याच ताटाकडे बघत जेवलो. उसाच्या तोडीवर बोलणे झाले, बापूच्या गुडघ्यावर झाले. बापूने तांबड्याची चौथी वाटी घेतली. कोणी त्याला अडवले नाही, त्यामुळे ती त्याला गोड लागली नसावी. रफिकने हाडे चोखून ताट स्वच्छ केले. इतका चवीने जेवताना मी त्याला पाहिले नव्हते, की पाहूनही नोंद घेतली नव्हती?
बिल टेबलावर मागवले नाही, उठून गल्ल्यावर गेलो. आक्का आत चुलीपाशी होत्या, सून गल्ल्यावर. भिंतीवरची दराची पाटी पांढऱ्या रंगाने पुसून टाकलेली. सखाराम म्हणाला, दर वाढलेत, पेंटर मंगळवारी येणार.
"तीन ताटांचे किती?"
तिने आकडा सांगितला. जुन्या दराने धरला तर बरोबर. नव्या दराने बरोबर आहे का, हे मला कळण्याचा मार्ग नाही. सांगताना ती ड्रॉवरकडे बघत होती.
"सगळे धरलेत ना?"
"धरलं की काका."
रफिक माझ्या मागे बडीशेप निवडत उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. एकदाही नाही.
तिघांनी सारखे पैसे काढले. माझा एक तृतीयांश हिस्सा मी दिला. तो खरोखर तृतीयांश होता आणि वरले कोणी भरणार नव्हते, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.
बाहेर रफिक म्हणाला, "फुडं रोजं हायत, आता ईदनंतरच. एप्रिलात. येशील न्हवं?"
मी स्कूटरची किल्ली शोधत होतो. ती हातातच होती.