साहेबाच्या दारावरची पाटी

खाणीचा कॅम्प, ओमान
१० फेब्रुवारी २०१३

ती. सौ. जयवंती वहिनीस,
नंदूचा सा. न. वि. वि.

इथे डोंगरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून तुझ्या लाडक्या दिराने पेन धरलंय. शाळेतले मास्तर बघतील तर चक्कर येऊन पडतील. इक्बालभाई ट्रक घेऊन शहरात, रुवीला जातो, तोच टपाल टाकेल.

बातमी ऐक. दादाने क्रोमचा नवा पट्टा शोधला! बाकीचे इंजिनिअर डोंगर खलास म्हणून मोकळे झालेले, आणि हा उन्हात दगड फोडत फिरत होता. अर्बाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, सगळ्यांसमोर सांगितलं, आता चंद्रहास मॅनेजर, इन्शाल्ला. मॅनेजरला फॅमिली क्वार्टर असतं. म्हणजे तू येणार! नवऱ्याचं तोंड रोज बघायला मिळेल. बघण्यासारखं नाहीये, तो भाग वेगळा.

लोभ आहेच, खाजं पाठवलंस तर वाढेल.
नंदू

कुडाळ, ६ मार्च

चि. नंदू भावजींस अनेक आशीर्वाद.

तुमचं अक्षर लावायला कंपाउंडरला बोलवावं लागलं. माझा पासपोर्ट आला. फोटोत चोरासारखी दिसते. सुट्टीवर आलेल्या इक्बालभाईंकडे खाजं देतेय आणि एक पाटी. सावंतवाडीला लाकडावर रंगवून घेतली, 'चंद्रहास परब, मॅनेजर', भोवती वेलबुट्टी. ह्यांना सांगू नका, गुपचूप क्वार्टरच्या दाराला लावा. तिथे खोड्या नकोत.

माया पातळ होऊ देऊ नका.
जयवंती

कॅम्प, २ एप्रिल

वहिनी, सा. न.

मॅनेजर आला. परदेशातून, एक गोरा पोरगा. त्याला पट्टा दादानेच फिरवून दाखवला. अर्बाब म्हणतो, बाहेरच्या पार्टीला असाच चेहरा लागतो. दादा येस सर म्हणाला. मला म्हणाला, जयवंतीला मी सांगेन. तो कसला सांगतोय!

माझं डोकं फिरलं. साहेब साईटवर असताना तुझी पाटी त्याच्याच ऑफिसच्या दारावर ठोकली. वाटलं, भडकेल, हे काय म्हणून विचारेल, मग चारचौघांत वाचून दाखवीन. पण त्याला कुठे मराठी येतंय! वेलबुट्टीवर हात फिरवून नाईस म्हणाला आणि ठेवली तशीच.

आता रोज सकाळी दादा त्या दाराशी उभा असतो. समोर स्वतःचं नाव. टकटक करतो, हेल्मेट काढतो, आतून कम इन येईपर्यंत थांबतो. मी पाटी उचकटायला गेलो तर हात धरला. म्हणाला, साहेबाची वस्तू आहे, हात लावू नको.

शिव्या दे, पण लोभ तोडू नको.
नंदू

कुडाळ, २५ एप्रिल

नंदू भावजी,

ती वस्तू साहेबाची नाही, माझी आहे. आजच काढा. इक्बालभाईंकडे देऊ नका, ह्यांच्याच हाती द्या आणि घरी घेऊन या म्हणावं. इथे दाराला खिळा मारून ठेवलाय. 'मॅनेजर' तेवढं मी खरवडून काढेन.

जयवंती